गुळाच्या काट्यावरची विमानसेवा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कोल्हापुरातून एक चिमुकली कंपनी मुंबईला विमान सोडायची. कंपनीकडे पंख्यांची दोन म्हातारी विमानं होती. एक उडायचं आणि दुसरं त्याला सुटे भाग पुरवत शेडमध्ये उभं असायचं. राजारामपुरीतल्या ऑफिसात तिकिटं द्यायची आणि विमानाच्या दिवशी उजळाईवाडीच्या विमानतळावर जाऊन प्रवाशांची वजनं करायची, ही कामं माझी. विमान जुनं, त्यामुळे कॅप्टन वजनाच्या बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. काटा आम्ही गूळ बाजारातून आणला होता. इतर ठिकाणी माणसं वजन सांगायला लाजत असतील. आमच्याकडे आकडा मोठा निघाला की पोचवायला आलेले भाऊबंद कौतुकानं पाठ थोपटायचे. मला ती नोकरी जाम आवडायची.

आईला मात्र एकच ध्यास होता. धावपट्टीच्या कामावर तिनं पाटीनं खडी वाहिली होती, आणि ती पट्टी तिला एकदा वरून बघायची होती. रिकामी जागा राहिली तर आमच्या घरच्यांना फुकट नेत. पण जागा काही रिकामी राहीना. त्यात कंपनी गुंडाळणार अशी कुजबुज सुरू झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. अखेर थंडीतल्या एका सकाळी जागा मिळाली. आईनं चौदा एप्रिलला जयंतीला नेसायची पांढरी साडी काढली.

वजनं झाली, सगळं नीट जमलं. पण दिवस गुऱ्हाळांचे. मुंबईच्या पै-पाहुण्यांकडे रिकाम्या हातानं जाणार कसं? पोचवायला आलेल्यांनी वजनं उरकल्यावर थेट शिडीपाशी ज्याच्या त्याच्या हातात गुळाचा अख्खा रवा, म्हणजे चांगली जड ढेप, दिला. कॅप्टननी आत डोकावून कपाळाला हात लावला. ते म्हणाले, एक माणूस उतरवावा लागेल, आणि फुकटवाला आधी.

आई उठली. माझं डोकंच फिरलं. शिडीवर उभी राहून मी सगळ्यांना सुनावलं की, तुम्ही ज्या पट्टीवरून उडणार आहात तिची खडी या बाईनं डोक्यावरून वाहिलीय.

मग नातवाच्या बारशाला निघालेले वारणानगरकडचे एक फेटेवाले आजोबा उभे राहिले.

"गुळापायी माणूस उतरवायचा व्हय? माझा रवा घ्या खाली."

त्यांच्यामागून एकेक करत सगळेच रवे खाली आले. आई परत जागेवर बसली.

विमान उडालं. कॅप्टननी मुद्दाम पट्टीवरून एक घिरटी घातली. मी गुळाच्या ढिगाशेजारी उभी राहून दोन्ही हात हलवत होते, रडत होते आणि हसतही होते. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नाही.

आई संध्याकाळच्या परतीच्या विमानानं आली. मी हात हलवत होते, दिसले का, असं मी तिला उतरल्या उतरल्या विचारलं.

"तू कुठली दिसतीस?" आई म्हणाली. "मी माझी पट्टी बघत होतो की."