मामाच्या हातचा घास

वऱ्हाडात पाहुण्याला जेवू घालताना भल्याभल्यांचा तोल सुटतो. अशा मुलखात जन्मून ताटातल्या प्रत्येक पदार्थाकडे फौजदाराच्या नजरेनं बघणारा माणूस सबंध दुनियेत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावात त्यांना सगळे दादा म्हणतात, मी साळेबुवा म्हणतो. पूर्वी ते असे नव्हते. माझ्या लग्नात सातवी पुरणपोळी माझ्या पानात त्यांनीच टाकली होती. मी हात आडवा धरला, तर पोळी हातावर ठेवून वरून तूप ओतलं आणि म्हणाले, "जवाईबापू, लाजू नका, हात बी खाऊन घ्या!"

हा माणूस बदलला तो आमच्या राणूच्या उष्टावणाच्या दिवशी. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून साळेबुवा महिनाभर आधीपासून छाती फुगवून होते. घरच्या गाईचं दूध कॅनमध्ये घेऊन, कॅन मांडीवर धरून ते पॅसेंजरनं अकोल्याला आले. जठारपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शेवयांची खीर शिजली. साळेबुवांनी भाचीला मांडीवर घेतलं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. वर हौसेनं दोन चमचे भरवले. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. तशीच तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेली. इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी राणू हसायला लागली, पण साळेबुवा काही हसले नाहीत.

पुढे तपासण्या होऊन डॉक्टरांनी यादी दिली. दूध, गहू, शेंगदाणे आणि सोयाबीन, चारही बंद. सोयाबीन ऐकताच साळेबुवा खुर्चीवरून उठले. "डाक्टरसाहेब, काय बोलून राह्यले! सारा तालुका सोयाबीन पेरून राह्यला ना बाप्पा!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तालुक्याला खाऊ द्या. हिला देऊ नका." साळेबुवांनी ती यादी तोंडपाठ केली, बोटातली अंगठी काढून माझ्या बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात टाकली आणि त्या दिवसापासून भाचीच्या तोंडात स्वतःच्या हातानं एकही घास घातला नाही. भाकर ते चुरायचे, वरण ते कालवायचे, फुंकर ते घालायचे. घास तयार झाला की ताटली माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायचं, "तुमी चारा. माह्या हाताचं नको." माझी बायको यावर चिडायची, रडायची, पण त्यांचा हात काही पुढे व्हायचा नाही.

बाकी सगळं मात्र त्यांनी अंगावर घेतलं. ती वर्षं शेतीची वाईट होती. पावसाचा भरवसा नव्हता, कापसाच्या भावाचा तर नव्हताच, आणि जो तो सोयाबीनच्या मागे लागला होता. अशा वेळी साळेबुवांनी चांगल्या काळ्या जमिनीत ज्वारी पेरली. बाजारची ज्वारी कुठल्या पोत्यात भरली असेल सांगता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आख्ख्या शिवारात ज्वारी एकट्यांची, त्यामुळे तालुक्यातली झाडून सगळी पाखरं जेवायला त्यांच्याकडे. साळेबुवा शेतातल्या मचाणाच्या माळ्यावर चढून दिवसभर पत्र्याचा डबा बडवत बसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "दादा, काहून येवढा जीव काढून राह्यले?" ते वरूनच ओरडायचे, "भाचीचा डबा राखून राह्यलो!"

ज्वारी आली, तसा गिरणीचा प्रश्न आला. गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ थोडंफार राहतंच, आणि ते गव्हाचं असलं तर? म्हणून साळेबुवा दर शुक्रवारी ज्वारी घेऊन अकोल्याला यायचे, आधी दोन किलो ज्वारी नुसती गिरणी धुवायला दळायचे आणि मग राणूचं दळण टाकायचे. ते धुणावळीचं पीठ अर्थातच माझ्या वाट्याला यायचं. सलग चार वर्षं मी गिरणीची धुणावळ खाऊन शाळेत चित्रकला शिकवली आहे. आमच्या गल्लीतले गिरणीवाले चाचा एकदा वैतागून म्हणाले, "भाऊ, ये गिरनी हाय का आपरेशनचा टेबल?" साळेबुवांनी त्यांना त्या उष्टावणाची गोष्ट सांगितली. त्यानंतर दर शुक्रवारी नमाजहून आले की गिरणी स्वतः झाडून-पुसून ते पहिलं दळण आमचं घ्यायचे. तरीही साळेबुवांनी धुणावळ सोडली नाही. "चाचावर भरोसा हाय, गिरनीवर नाई," म्हणायचे.

खरी पंचाईत व्हायची ती लग्नकार्यात. आपल्याकडे लहान मूल दिसलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय बाईमाणसाचा जीव राहत नाही, आणि ठेवलेलं परत केलं की माणसं रुसतात. साळेबुवांनी यावर तोड काढली होती. राणूला कडेवर घेऊन ते मांडवात फिरायचे, कुणी तिच्या हातावर पेढा ठेवला की हसून "वा!" म्हणायचे आणि स्वतःच खाऊन टाकायचे. मग रुमालानं तिचा हात पुसायचा, खिशातल्या ज्वारीच्या लाह्या त्यावर ठेवायच्या आणि पुढच्या आत्याबाईंना सामोरं जायचं. अमरावतीच्या एका लग्नात त्यांनी अकरा पेढे, चार लाडू आणि एक आख्खं बिस्किटांचं पाकीट असं भाचीच्या वतीनं रिचवलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत तर प्रसादाचा पेढा तोंडात आणि दुसऱ्या पेढ्यासाठी हात पुढे, अशा अवस्थेत त्यांना आमच्या मुख्याध्यापकांनी पाहिलं. साळेबुवांचं पोट सुटलं, बोटं जाडजूड झाली, सदरे दोनदा उसवून घ्यावे लागले. गावात त्यांची ख्याती खादाड म्हणून झाली, आणि त्यांनी खुलासा कधीच केला नाही.

राणू पाच वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या. मग दवाखान्यातच, समोर बसवून, थेंबाथेंबानं दूध देऊन पाहिलं. पुढे एका दिवशी गहूही तसाच दिला. साळेबुवा दोन्ही दिवस बाकावर डोळे मिटून बसले होते. काही झालं नाही. शेंगदाणे आणि सोयाबीन बंदच राहणार होते, पण दूध आणि गहू सुटले. बायकोनं ठरवलं, गावी जाऊन दादाच्या हातानं पुन्हा खीर भरवायची. खिरीचा वास सुटला आणि साळेबुवा घरातून पसार झाले. राणूला घेऊन शेतात जाऊन बघतो तर माळ्यावर बसून डबा बडवतायत, आणि शिवारात एक पाखरू नाही.

राणू खाली उभी राहून म्हणाली, "मामा, खाली ये. मले खीर चार."

"तुह्या बाबाले सांग ना माय."

"बाबा रोजच चारते. तू काहून नाई चारत?"

साळेबुवांनी डबा बाजूला ठेवला. ते खाली उतरले. मागून खिरीची वाटी घेऊन आलेल्या माझ्या बायकोनं अंगठी पुढे केली, ती कुठल्याच बोटात जाईना. पेढ्यांनी आपलं काम केलं होतं. शेवटी करंगळीत अर्ध्यावर अडकली. त्यांनी आधी स्वतः खीर चाखली, मग अंगठी बुडवून हात पुढे केला आणि तो मधेच थांबला. राणूनं दोन्ही हातांनी मामाचं मनगट धरलं, ओढून तोंडाशी नेलं आणि म्हणाली, "अजून दे." साळेबुवा तिथेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, उगाच लपवत नाही.

आता राणू कॉलेजात आहे, पुण्याला असते. ज्वारी आता कुठेही मिळते, पण गावाहून दर वर्षी पोतं येतंच. ती सुट्टीत आली की साळेबुवा पहिल्या गाडीनं हजर होतात, अजूनही दारातच थबकतात, आधी तिच्या ओठांकडे बघतात आणि मग तिच्याकडे.