दौलतकाकांचे पेले

रविवार, दिनांक ६ एप्रिल २०२५. कल्याणच्या आमच्या मराठी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस काचेच्या पेल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पेल्यांतून देण्यात आला. यास माझी हरकत होती व आहे. समितीला पाठवलेल्या माझ्या तीन पत्रांपैकी एकाचेही उत्तर आलेले नाही.

हरकतीचे कारण प्लॅस्टिक नव्हे, दौलतकाका आहेत. टिटवाळ्याला राहणारे हे निवृत्त फिटर एकतीस वर्षे उपासना संपली की मागच्या नळावर उकिडवे बसून अंगठ्याएवढे एकशेवीस पेले धूत आले. पहिल्या धुवणाचे पाणी ते मोरीत जाऊ देत नसत. तगरीच्या मुळाशी ओतत. प्रार्थना सांगायला उभे केले की त्यांची जीभ अडखळते. "मला बोलता येत नाही, बाई," ते एकदा म्हणाले होते, "प्रभूसाठी पेला तेवढा स्वच्छ धुता येतो."

तो पेलाच समितीने काढून घेतला. वर सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेत नावाची खुर्ची. तिच्या कडेवर काका असे टेकले होते, जणू दात काढून घ्यायला आलेत.

"काका, भांडा ना!" मी बाहेर आल्यावर म्हटले.

"त्याला तुम्ही आहात की," ते हसले. मग हळूच म्हणाले, "पण आता या हातांचं काय करू, तेवढं सांगा."

मी एम.ए., बी.एड. बाई; घरी जाऊन समितीला आणखी एक पत्र लिहायला बसले.

मे महिन्यात प्रभुभोजन झाले आणि ती खुर्ची रिकामी दिसली. समितीसाठी लिहिलेले चौथे पत्र घेऊन मी मागे गेले. काका कचऱ्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकचे पेले काढून एकेक धूत होते.

"अहो, हे टाकायचेच आहेत!"

"टाकू की. पण प्रभूचं नाव घेऊन ओठाला लावलेला पेला उष्टाच कसा टाकायचा?"

पत्र पर्समध्ये गेले. मी पदर खोचला.

"घासू नका, नुसते पुसा," काकांनी बजावले. "मागं रागारागानं घासलेत, तेव्हा दोन फोडलेत."

"हे फुटत नाहीत, काका."

"तरी पुसाच. सवय राहू दे. काचेचे येतील परत."

सभासदहो, काचेचे पेले कपाटात आहेत, काकांनीच जुन्या पंच्यात गुंडाळलेले. १ जूनच्या प्रभुभोजनाला ते बाहेर काढा. आणि ती नावाची खुर्ची उचलून मागच्या नळापाशी ठेवा. काकांचे गुडघे दुखतात.