डुलकीकाकांची पाच मिनिटं

मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड एकमेकांना ओळखेनासे झाले की लोक डुलकीकाकांना बोलावतात. घरांचे नकाशे काढणाऱ्या ताईंचा मॉनिटर सकाळपासून काळाच होता आणि बाराच्या आत नकाशा गेला नाही तर काम हातचं जाणार होतं. काकांनी सगळे प्लग काढले आणि खुर्चीत डोळे मिटले.

“काका, माझा जीव टांगणीला लागलाय नि तुम्ही झोपताय?”

“आतली उरलीसुरली वीज उतरू दे, ताई. अर्धवट झोपेत ओळख पटत नाही.”

काळ्या काचेत खिडकीतलं झाड हलत होतं. ते बघता बघता ताईंचाच डोळा लागला.

“ते दोघं जागे झाले,” काका म्हणाले, “आता तुम्ही उठा.”

मॉनिटर उजळला होता. बाराला वीस मिनिटं कमी होती. ताईंनी आधी नकाशा पाठवला, मग जांभई दिली.