ब्रेक कोणाच्या पायाखाली?

वडनेर भोलजीपासून मलकापूरपर्यंत कोणालाही विचारा, दुसऱ्याच्या गाडीत बसून ब्रेक दाबण्यात आमच्या शेजारच्या काकांचा हात, म्हणजे पाय, धरणारा माणूस सापडायचा नाही. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर मलकापुरात गाडी शिकवायला लागले. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. तो काकांच्या अंगातच शिरला. ऑटोत मागं बसले तरी उजवा पाय पुढं दाबलेला. लग्नात आचारी कढईत तेल ओतायला लागला की यांचा पाय मांडवातल्या सतरंजीवर. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी जरा जास्तच बोलायला लागलो, तर त्यांनी माझ्याच पायावर ब्रेक दाबला. परतताना म्हणाले, "बाबू, उतारावर गाडी न्यूट्रल नाही करत बे!" आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पण बोलणं कुठं थांबवावं हे मला काकांच्या बुटानं शिकवलं.

या पायाचं खरं मोल कळलं ते गेल्या वर्षी. मेथी कापताना काकूंचा तळहात विळ्यानं चिरला आणि मी दोघांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरकीची पोरंही तिथंच शिकतात. पांढऱ्या कोटातल्या एका पोरानं काकूंचा हात ओढून घेतला आणि त्यांच्या डोक्यावरून दुसऱ्याला म्हणाला, "ही मी करतो. मागची तू केलीस." ही! मागची! बाई समोर बसलीय, तिला कान आहेत, याचा पत्ताच नाही. माझं डोकं तापलं, पण माझ्याआधी काकांचा पाय फरशीवर आपटला.

"डॉक्टर काय जी तुमी?"

"शिकतोय, काका. घाबरू नका."

"मी नाही भेत. शिकवणारा कुठं हाय?"

"सर वॉर्डात आहेत. येतील."

"मंग ब्रेक कोणाच्या पायाखाली हाय?"

पोराला काही उमजेना. सिस्टर म्हणाल्या, "काका, बाहेर व्हा. पोरं अशीच शिकतात."

"अशीच? शिकाऊ गाडीले लाल एल लावा लागते. म्हशीलेबी समजते, बाजूले व्हा लागते! याइच्या कोटावर काय लावलं? नाही शिवू देत, जा!"

तेव्हा काकू बोलल्या. "तुमीबी थांबा जी. हात कोणाचा हाय?"

"तुया."

"मंग मले कोन्ही इचारलं काय? त्यानंबी नाही, तुमीबी नाही."

काकांचा पाय जागच्या जागी राहिला. काकू त्या पोराकडं वळल्या. "शीव बाबू. शिकशीन नाही तं डॉक्टर कसा होशीन? पन तुये सर बाजूले उभे पाह्यजे. आन् टोचायच्या आंधी मले सांगजो."

पोरगा लाल झाला आणि सरांना आणायला गेला. वॉर्ड काही लोणारला नव्हता. बोलावल्याबरोबर सर आले. मग प्रत्येक टाक्याआधी "आजी, घालू का?" आणि काकूंचं शाळेतल्या हजेरीसारखं "हाव".

मला अजून संताप येतो. शिक्षणाची किंमत मला कोणी सांगू नये. पोरांनी शिकलंच पाहिजे, आणि माणसांवरच शिकावं लागतं हेही कळतं. पण मोबाईल दुरुस्त करणारासुद्धा "उघडू का?" म्हणतो, आणि लुगड्यातल्या बाईचा हात तेवढा न विचारता उघडायचा? शिकवणारा बाजूला नसताना? ही कुठली शिकवण?

परवा काकांना त्याच दवाखान्यात मोतीबिंदूसाठी नेलं. उभा जन्म रस्त्यावर लावलेले डोळे, आता समोरची बसही ओळखेनात. एक शिकणारी मुलगी आली. "आजोबा, मी शिकतेय. मॅडम इथंच आहेत. डोळा तपासू का?" काका इतके खूश झाले की तिला उजवा डोळा हवा होता, त्यांनी दोन्ही दाखवले.

ऑपरेशनसाठी आत नेताना मी त्यांचा हात सोडत नव्हतो. म्हणाले, "काऊन भेतं बे? मॅडम हाय ना बाजूले." दार लागलं. मी बाकड्यावर बसलो. बऱ्याच वेळानं खाली पाहिलं, तर माझा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता.