मास्तर आणि नवशिक्यांचा गट

मास्तरांनी तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. नवा शिकाऊ आला की ते त्याला आधी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात न्यायचे आणि आठ दिवस नुसता क्लच सोडायला लावायचे. घाबरट माणसाशी तर इतक्या लाडीगोडीनं बोलायचे, की बायको म्हणायची, "माझ्याशी नाही कधी असं बोललात!"

फक्त पोटच्या मुलीला मैदान मिळालं नाही. मास्तरांची मुलगी ती, तिला कशाला हवं मैदान? पहिल्याच दिवशी तिला भर चौकात नेलं. गाडी तीनदा बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि मास्तरांचा आवाज त्याच्याही वर. एकोणीस वर्षांची पोर चौकातच दार उघडून उतरली आणि चालत घरी आली. त्याला आता तेरा वर्षं झाली. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. येते, बोलते, पण जपून. हे जपून बोलणं मास्तरांच्या जिवाला फार लागायचं.

यंदा ती चार दिवसांसाठी आली, ती एक भलंमोठं खोकं घेऊन. अंतराळातल्या लढाईचा खेळ होता. ग्रह, जहाजं आणि नियमांचं हे एवढं जाडजूड पुस्तक. "बाबा, खेळाल माझ्याबरोबर?" तिनं विचारलं. मास्तर हरखून गेले. बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, "अहो, काही झालं तरी आवाज चढवायचा नाही. सांगून ठेवते."

टेबलावर सहा गट मांडून मुलगी म्हणाली, "तुम्ही निळा घ्या. एकच ग्रह सांभाळायचा, नियम थोडे, चूक झाली तरी सावरता येतं. नवशिक्यांना हाच बरा."

नवशिक्या! मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ते काळे कोण?"

"ते भटके. त्यांना घरच नाही, सगळा संसार जहाजांवर. मीसुद्धा दोनदा हरलेय त्यांना घेऊन."

"मग तेच दे."

व्हायचं तेच झालं. तिसऱ्या फेरीत मास्तरांनी सगळी जहाजं एका दमात पुढे दामटली आणि इंधन संपवून बसले. धड पुढे जाता येईना, धड मागे. आता ही बोलणार, या धास्तीनं त्यांनी मानच वर केली नाही.

"होतं असं," मुलगी म्हणाली. "पुन्हा मांडूया."

एवढंच. ना हसली, ना चिडली. मास्तरांना ते सहन होईना.

"तुला मी एकदम चौकात नेलं," ते म्हणाले. "लोकांच्या पोरांना मैदान दिलं आणि तुला चौक. चुकलंच माझं."

मुलीनं काळी जहाजं गोळा केली, निळी मास्तरांपुढे ठेवली. एकेक सरळ करत राहिली.

"बाबा, मी अजून गाडी शिकलेच नाहीये," ती म्हणाली. "ऑफिसातले सगळे म्हणतात, क्लास लाव. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. शेजारच्या सीटवर दुसरंच कोणीतरी बसणार, ते नको वाटलं."

मास्तरांनी एक निळं जहाज उचललं. कुठे ठेवायचं ते काही दिसेना, म्हणून तसेच हातात धरून बसले.