मावसभाऊ पियानो दुरुस्त करतो

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे मी नक्की काय शिकतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पहिलं वर्षभर मलाही फारसं नव्हतं. ठाण्याच्या कॉलेजात मास मीडियाला ॲडमिशन मिळाली, घेतली. दुसऱ्या वर्षाला सिनेमाचा एक पेपर असतो. मॅडमनी प्रत्येकाला एकेका देशाचा एकेक काळ वाटून दिला. माझ्या वाट्याला फ्रान्स आला, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची पंधरा-वीस वर्षं. त्यातल्या एका नटीवर मला प्रोजेक्ट करायचा होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. वर्गात ते मी उच्चारलं तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटलं होतं, आणि अजूनही ते मला नीट म्हणता येत नाही.

सुरुवातीला ते सिनेमे मला झेपत नव्हते. माणूस जिना चढायला लागला की पूर्ण जिना चढायचा. कॉफी मागवली की ती येईपर्यंत कॅमेरा तिथेच. रस्ते सेटवरचे नव्हते, खरे होते, मागून जाणारी माणसं वळून बघायची आणि ते तसंच ठेवलेलं असायचं. नटही देखणे नव्हते. एकाचं नाक मोडून बसवल्यासारखं होतं. दुसरा जाडजूड, मानेला घडी पडलेली, डोळे सुजल्यासारखे. आपल्याकडे तो फार तर हवालदार झाला असता. तिथे तो हिरो होता, आणि बायका त्याच्यासाठी जीव टाकत होत्या. आणि माझी ती नटी रडायची नाही. वाईट बातमी ऐकली की आधी हातातलं काम संपवायची. बशी पुसून जागेवर ठेवायची, हातमोजा बोटाबोटाने काढायची, आणि मग नुसती बघायची. तिच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत हे मला नंतर कळलं.

मी हे सगळं कोपरच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसून पाहिलं, कारण चार्जिंगचा पॉइंट तिथे आहे. त्यामुळे ताईनेही पाहिलं.

ताई गणपतीला आलेली. गणपती गेले, ती गेली नाही. तिचं सासर कोलशेतला, लग्नाला तीन वर्षं झालेली. भावोजी दारू पीत नाहीत, हात उचलत नाहीत, पगार घरी देतात. आई विचारायची, "मग झालं काय?" ताई म्हणायची, "काही नाही." हेच दोघींमध्ये रोज व्हायचं. बाबा मानपाड्याच्या कंपनीतून आले की टीव्हीचा आवाज मोठा करायचे.

पहिल्या दिवशी ती मेथी निवडत माझ्या मागे बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "काय म्हणते रे ती?"

खाली इंग्रजी सबटायटल होते. माझं इंग्रजी चालतं, पण हळू. मी थांबवून, वाचून, मराठीत सांगायला लागलो. तिला घाई नव्हती. "हा तिचा कोण?" हे ती आधी विचारायची. त्या सिनेमांत ते कळायलाच अर्धा तास जातो. मी म्हणायचो, "अजून सांगितलं नाहीये." ती म्हणायची, "बरं, कळेल." मग ते रोजचंच झालं. मी कॉलेजातून यायचो, तेव्हा तिने दारातली जागा पुसून ठेवलेली असायची. त्या दिवसांत तिने घरात मागितलेली ती एकच गोष्ट होती, हे मला तेव्हाही दिसत होतं.

एका दुपारी आई पण लसूण सोलायला घेऊन येऊन बसली. "बघू तरी, काय एवढं असतं."

त्या दिवशीच्या सिनेमात ती नटी एका गावातल्या केमिस्टची बायको होती. केमिस्ट चांगला माणूस. सूप प्यायचा, पेपर वाचायचा, मान वर करायचा नाही. मग घरातला पियानो दुरुस्त करायला एक जण येतो, तोच जाडजूड नट. तो पियानो उघडतो, ती बाजूला उभी राहते. बोलणं जवळजवळ नाहीच. पण ती त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा माझे कान तापले.

आई म्हणाली, "हा कोण?"

मी म्हणालो, "भाऊ."

"सख्खा?"

आतेभाऊ ओठांवर आलेलं. पण आमच्यात आत्याच्या मुलाला मुलगी देतात. म्हणून म्हणालो, "मावसभाऊ. पियानो दुरुस्त करतो."

आईचं समाधान झालं. पुढे ते दोघं नदीकाठी बसले तेव्हा आई म्हणाली, "बहिणीचं ऐकून तरी घेतोय बिचारा." मी खालच्या ओळी वाचत होतो आणि वेगळंच काही बोलत होतो. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. ती त्याला म्हणाली, तुम्ही आला नसता तर मला कळलंच नसतं की मी या घरात गप्प झाले आहे. मी सांगितलं, "मावशीची तब्येत विचारतेय."

पियानोवाला त्याचं काम संपवून निघून जातो. तो तिला घेऊन वगैरे जात नाही. शेवटी ती एकटीच बॅग घेऊन गावाबाहेरच्या बसस्टॉपवर उभी राहते. नवरा सायकलवरून येतो, रस्त्याच्या पलीकडे थांबतो. बस येते, ती चढते. तो उभाच. ती मागे बघत नाही. तिचा चेहरा काचेत दिसत राहतो, बराच वेळ, आणि सिनेमा संपतो.

आईने विचारलं, "कुठे निघाली?"

"माहेरी. चार दिवस राहून येणारे. नवरा सोडायला आलाय."

"काय म्हणाला?"

"पोचल्यावर फोन कर."

आईने सोललेला लसूण वाटीत टाकला आणि ताईकडे बघितलं. "बघ गं. कुठल्या कुठले गोरे लोक, पण नवरा सोडायला आलाच ना. बोलत नसेल, पण येतो."

ताई सालं गोळा करून आत गेली.

मी स्वतःला समजावलं की सिनेमाच तर आहे. पण आईने तो धरून ठेवला. कल्याणच्या काकांना फोनवर सांगितलं. भावोजींचा फोन आला की ताईला ऐकू जाईल असं म्हणायची, "बोलत नसेल, पण येतो." आणि त्याच आठवड्यात मी प्रोजेक्ट लिहून दिला. त्यात मी लिहिलं की काचेतल्या त्या चेहऱ्यावर ना दुःख आहे ना आनंद, तर निर्णय आहे, आणि त्या काळातल्या फ्रेंच नट्यांनी बाईचा निर्णय पडद्यावर असा नुसत्या चेहऱ्याने दाखवला. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. या वेळी मागच्या बाकावर कुणी हसलं नाही. मला आनंद झाला, आणि परत येताना कोपरच्या पुलावर त्या आनंदाची इतकी लाज वाटली की तिथेच उभा राहिलो. मॅडमना जे सांगितलं ते मला घरात सांगता आलं नव्हतं. वर्गात त्याचे मार्क मिळणार होते.

दोन-चार दिवसांनी ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होतो.

"मावसभाऊ होय रे?" ती म्हणाली.

मी पुढचा चिमटा दिला.

"कुठला मावसभाऊ असा बघतो?"

"आई बसलेली ना, ताई."

"हो, म्हणूनच तर." तिने बाबांचा शर्ट झटकला. "मला सांगता येत नाही रे. नवरा काही करत नाही, हे काय सांगायचं? त्या बाईचा पण काही करत नव्हता. सूप पीत होता. मला वाटलं, आता हा वाचून दाखवेल की ती निघाली. आईच्या कानावर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून तरी पडेल की असं पण होतं. मी वाट बघत होते. तर तू म्हणे, पोचल्यावर फोन कर."

ती हसली, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी बैठक ठरली. आमच्यात असं असतं, मुलगी माहेरी राहिली तर दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, चहा होतो, झालं गेलं म्हणतात आणि संध्याकाळी मुलगी परत जाते. शेजारून खुर्च्या आणल्या. कल्याणचे काका आले, कोलशेतहून भावोजी आणि त्यांचे मोठे भाऊ आले. घोडबंदरच्या मेट्रोच्या कामावर पुष्कळ बोलणं झालं. ताई आत चहा करत होती. तिची बॅग आईने सकाळीच भरलेली.

मग काका म्हणाले, "तर मग आज पाठवतो पोरीला. झालं गेलं. काय रे कॉलेजवाले, बरोबर ना?"

त्यांना माझं मत नको होतं. मान हलवायची होती फक्त. मी म्हणालो, "ताईला विचारलं का?"

आवाज इतका बारीक निघाला की काका म्हणाले, "आँ?" मला परत म्हणावं लागलं.

"तिला काय विचारायचंय, घरचीच पोरगी."

आई आतल्या दारातून म्हणाली, "अरे, तूच ना तो सिनेमा दाखवलास? सोडायला आलेला तो?"

मी ठरवलेलं काहीच नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "तो सोडायला नव्हता आला, आई. ती निघून गेलेली. आणि तो मावसभाऊ नव्हता. मी खोटं सांगितलं तुला."

बोलून मला हलकं वाटलं. 

भावोजींचे भाऊ म्हणाले, "कोण निघून गेलेली? कुठला मावसभाऊ?"

"नाही, ते सिनेमातलं. फ्रेंच."

"फ्रेंच काय?"

"तो पियानो दुरुस्त करतो," मी म्हणालो. जितकं समजावत गेलो तितकं ते सारवासारव वाटत गेलं. भावोजी माझ्याकडे नाही, बॅगेकडे बघत होते. तेव्हा मला आठवलं की आम्हाला खरोखरच एक मावसभाऊ आहे. टिटवाळ्याला राहतो. ताईच्या लग्नात सगळी धावपळ त्याने केलेली, आणि नंतर आईने दिलेले लाडू, पापड कोलशेतला तोच पोचवायचा. मी ते नातं निवडलं तेव्हा तो माझ्या डोक्यातही नव्हता.

ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे खाली ठेवला, कप सरळ केले. "तो सिनेमातलाच आहे," ती भावोजींना म्हणाली. "मी पण पाहिलाय. माझं कुणी नाहीये. कुणी नसताना मी येत नाहीये, हे ऐका."

भावोजींनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांनी ऐकलं. पण त्यांचे भाऊ आधीच उठले होते, आणि दारातून जाताना काकांना म्हणाले, "आधी सांगायचं ना, मग आम्ही आलोच नसतो." चहा तसाच राहिला.

ताई गेली नाही. आता ती मानपाड्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते, बाबांबरोबर निघते. घरी आली की दमलेली असते, पण जेवते नीट. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्या मते सिनेमे दाखवून मी बहिणीचं घर मोडलं. तसं नाही, हे मला माहीत आहे. पण कोलशेतला आता एकच गोष्ट सांगतात, आणि ती माझ्या तोंडून गेलेली आहे. ताईने जे खरं सांगितलं ते त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. मावसभाऊ पटला. तिने उभं राहून स्वतःच्या तोंडाने जे म्हटलं, त्याच्यावर मी अगोदरच एक माणूस आणून ठेवलेला.

मग दिवाळी आली. टिटवाळ्याचा मावसभाऊ दरवर्षी भाऊबीजेला सकाळीच येतो. ताईने पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. त्याचा फोन आला. वहिनीला बरं नाही म्हणाला. मग म्हणाला की लोक काहीबाही बोलतायत, या वर्षी नको. फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाली, "हो रे, बरोबर आहे. पोरांना सांग आत्याने आठवण काढलीय."

तिने फोन ठेवला. त्याच्यासाठी आणलेलं शर्टाचं कापड उचलून तिने कपाटात ठेवलं. मी म्हणालो, "ताई, मी जातो टिटवाळ्याला. वहिनीला सगळं नीट सांगतो."

"काय सांगशील?"

माझ्याकडे सांगायला तेच होतं. सिनेमा, फ्रान्स, पियानो. 

"नको," ती म्हणाली. "मी जाईन. माझं मी सांगेन." मग तिने निरांजनाची वात पुढे केली. "तू बस. तू तर सख्खा आहेस."

मी पाटावर बसलो. तिने टिळ्यासाठी कुंकवात बोट बुडवलं. मी खाली रांगोळीकडे बघत होतो. ती म्हणाली, "वर बघ ना रे, नाहीतर टिळा कसा लावू." मी वर बघितलं.