चिंगूसने मोडलेला प्लॅन

हॉस्पिटलच्या तळघरातल्या किरणोपचार विभागात त्याला सगळे चिंगूस म्हणत, तेही तोंडावर, आणि हा पठ्ठ्या ओ देई. मेंदूतल्या गाठीवर किरण कुठून आणि किती सोडायचे, याचा प्लॅन करणं हे त्याचं काम. गाठीला तो हवं तेवढं पुरेपूर देई. पण शेजारच्या चांगल्या मेंदूला जरा जास्त लागलं, की स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा कळवळे. "घरी सगळे दिवे चालू ठेवून जातात, आणि तिथे म्हणे चिंगूस!" बायको म्हणायची.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. गाठ कॅन्सरची नव्हती, पण डोळ्याच्या नसेला अगदी खेटून बसली होती. नस दुखावली तर नजर जाणार, आणि नजर गेली की बाईंचं मशीन कायमचं बंद. चिंगूसने कंबर कसली. किरणांच्या दिशा वाढवत वाढवत त्याने प्लॅन पुन्हा पुन्हा घासला. "अहो, पुरे की आता! किती कोरणार?" डॉक्टरीणबाई वैतागल्या. पण प्लॅन असा देखणा जमला, की स्वारी दिवसभर हवेत.

उपचाराआधी तालीम असते. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून, किरण न सोडता, तेवढाच वेळ टेबलावर पडून राहायचं. दिशा वाढल्या तसा वेळही वाढलेला. निम्म्यातच बाई चुळबुळू लागल्या. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून पाठीचं पार खोबरं झालं होतं. मुखवट्यातही डोकं किंचित सरकलं, आणि पडद्यावर ते पाहून चिंगूसचं धाबं दणाणलं. तेवढ्यानेही किरण नसेवर गेले असते.

"फार दुखतंय का, बाई?"

"दुखू दे हो, भाऊ. मी पडते दात-ओठ खाऊन. तुम्ही डोळे तेवढे वाचवा."

त्याला भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला. डोक्याचा एवढा कीस पाडला, पण त्या डोक्याखाली एक पाठ आहे, हे याच्या गावीही नव्हतं!

तो खाली मान घालून खुर्चीत बसला आणि वेळ घटवायला एकेक दिशा कमी करू लागला. नस सुरक्षित ठेवली. पण दूरच्या चांगल्या मेंदूला थोडं जास्त द्यावं लागलं. धोक्याइतकं नव्हे, तरी त्याच्या अगदी जिवावर आलं.

"हा तुमचा प्लॅन?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला.

"ओबडधोबड आहे. पण बाईंना झेपेल."

त्यांनी तो बारकाईने तपासला आणि सही केली. उपचाराच्या दिवशी गुडघ्यांखाली उशी दिली. बाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत. "झालं पण?" त्यांनीच विचारलं.

नजर खरंच वाचली का, ते कळायला काही महिने जायचे होते. तपासणीला बाई आल्या, तेव्हा चिंगूस लांबलचक कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला घुटमळत होता. विचारायचा धीर होईना.

"अहो भाऊ!" बाईंनी तिथूनच हाक मारली. "कॉलरची शिवण उसवलीय तुमच्या. या इकडे, सुईदोरा आहे माझ्याकडे."

तो गेला, मान वाकवून त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि सगळ्यांदेखत रडला.